खानापूरच्या वाकळवाल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘असू दे गं’ म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

आजीचं माहेर कारवारजवळचं अरगा. ती लग्न होऊन बेळगावात आली तेव्हा दोन्ही गावं मुंबई राज्यात होती. 1956 मध्ये दोन्ही म्हैसूर राज्यात गेली. पुढे अरगा नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पात गेलं. तिथल्या किनाऱ्याचं आमच्याकडे उरलं ते तिच्या डब्यातलंच: शिंपले, जाळ्याचा तुकडा, लाटांनी घासून गुळगुळीत झालेल्या काचा. ते तिच्या हिरव्या शहापुरी लुगड्यावर शिवून भिंतीवर लावायचं, एवढीच माझी इच्छा.

शिंप्यांनी नाही म्हटलं, त्याचं काही नाही. पण ज्या बुटीकने गोड बोलून काम घेतलं, त्यांनी शिंपले सरळ चिकटवून दिले. लुगड्यावर गोंदाचे पिवळे डाग पडले. विचारलं तर म्हणे, ‘एवढं जुनं कापड, काय फरक पडतो?’ पैसे मात्र पुरते घेतले. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी जाळं गोड्या पाण्यात भिजत घातलं, कारण मीठ राहिलं तर कापड ओल धरतं. मग एकेक शिंपला उजेडाकडे धरून पाहिलात. काहींना मुळातच गोल, नेटकं भोक होतं. समुद्रातली एक शिकारी गोगलगाय शिंपल्याला असं भोक पाडून आतला जीव खाते. तुम्ही तेवढेच वेगळे काढलेत आणि त्या भोकांतूनच दोरा ओवलात. एकही शिंपला फोडावा लागला नाही.

पण मला रडू आलं ते दुसऱ्याच गोष्टीने. खाली जुन्या साड्यांचे थर, कडेकडून आत येणारा तुमचा धावदोरा, आणि मधेच आजीचा रफू आला. हिरव्या कापडावर लाल दोरा. घरात असेल तो तिने वापरला असणार. तुम्ही हात थांबवलात. ‘हे टाके कुणाचे?’ मी सांगितलं. तुम्ही घातलेली अख्खी ओळ उसवलीत आणि रफूला वळसा घालून पुन्हा शिवलीत. म्हणालात, ‘हे त्येंचं काम. त्येच्यावरनं माझा दोरा कशाला?’

कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला. तिला तुम्ही पाहिलंही नव्हतं. दुसऱ्याच्या कष्टाला असं जपणारी माणसं आपल्या या भागात अजून आहेत, आणि ती बहुतेक कुठल्या पाटीखाली बसत नाहीत. दारात बसून, गुडघ्यावर वाकळ घेऊन शिवत असतात.

मावशी, मागच्या अस्तरावर आजीच्या नावाशेजारी तुमचं नाव शिवायचं आहे. तुम्ही एकदा नको म्हणालात. आईचीही फार इच्छा आहे, म्हणून पुन्हा विचारते. हो म्हणा.

तुमची,
वडगावची पोरगी