थुंकी तपासल्याशिवाय अँटिबायोटिक बदलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) असलेल्या पोरांबद्दल लिहितेय, कारण आपल्या सोलापुरात अजूनही "दमा आहे" नाहीतर "टीबी असेल" म्हणत औषधं चालू राहतात. माझ्या भाचीचं तेच झालं, शेवटी घामाची टेस्ट केली, क्लोराइड ६० च्या वर आलं तेव्हा निदान झालं. आजार जन्मजात, सीएफटीआर नावाचं जीन बिघडलेलं असतं, त्यामुळे छातीतला कफ इतका घट्ट होतो की सुटतच नाही आणि त्यात जंतू ठाण मांडतात.

त्यातला सगळ्यात चिवट स्यूडोमोनास. तो पहिल्यांदा सापडला की लगेच नेब्युलायझरने टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक, दिवसातून २ वेळा २८ दिवस, असं दिलं तर बऱ्याचदा जातो. उशीर झाला की भोवती चिकट थर करून बसतो, मग समूळ काढणं फार अवघड, वरचेवर ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं. आणि इथं काय होतं, खोकला वाढला की अंदाजाने एक सिरप, आठवड्याने दुसरं, कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) काहीच पाठवत नाहीत! बारक्या पोरांना थुंकी काढता येत नाही हे खरंय, पण खोकायला लावून घशातून स्वॅब घेता येतो की. लॅबच्या फॉर्मवर "सीएफ पेशंट" एवढं जरूर लिहावं, कारण बर्कहोल्डेरियासारखा जंतू शोधायला तो वाढवायचं वेगळं माध्यम लागतं, एरवी तो निसटतो.

घरच्यांसाठी एक सांगते. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप (इनहेलर), मग नेब्युलायझरने ७ टक्क्यांचं सलाइन (मिठाचं पाणी), मग छातीची फिजिओथेरपी आणि कफ निघाल्यावर शेवटी अँटिबायोटिकचं नेब्युलायझर, हा क्रम मोडू नका, नाहीतर महागडं औषध कफावरच बसतं. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ड्रममध्ये साठवतो, आणि स्यूडोमोनासला ओलावाच लागतो. म्हणून नेब्युलायझरचा कप धुऊन, उकळून, पूर्ण कोरडा करूनच ठेवा (कंपनीच्या सूचनेत कोणता भाग उकळायचा ते बघून).

शहरातल्या बालरोगतज्ज्ञांना कळकळीची विनंती, मूल बरं दिसत असलं तरी दर ३ महिन्यांनी कल्चर लावा, आणि मेडिकलवाल्यांनी नेब्युलायझरचं टोब्रामायसिन निदान मागवून तरी द्यावं, दर वेळी पुण्याला पळायची सगळ्यांची ऐपत नसते.

— एका सीएफ पेशंटची मावशी, सोलापूर