चौथ्या नंबरवर जाऊन बसलेल्या भावाला

भाऊ,

तुझं नाव मला माहीत आहे. मोबाईल नंबरही आहे, कारण तुझा फॉर्म मीच भरला. पण लोकं विश्वासाने आपले कागद आपल्या हातात देतात, त्यातला नंबर उचलून स्वतःच्या कामासाठी फोन लावणं मला पटत नाही, आणि नाव सगळ्यांपुढे टाकणं तर त्याहून नाही, म्हणून हे असं उघड लिहून राहिली आहे. दारव्हा तालुक्यातलं खेड्यातलं सेवा केंद्र, एसटी थांब्याच्या बाजूचं, बारावीच्या निकालानंतरची गर्दी, आणि माझ्या कॉम्प्युटरची दुसरी स्क्रीन चालू करायला टेबलाखाली पालथा पडलेला तू. एवढ्यावरून तुला कळेल. त्या दिवशी तूच म्हणाला होता, "ताई, मले तुमी-बिमी नोका म्हणू," म्हणून तू म्हणते.

थँक्यू मी तेव्हाच म्हटलं होतं, पण ते तर मी झेरॉक्सचे दोन रुपये देणाऱ्यालाही म्हणते. तेवढ्याने भागत नाही. तीन महिने झाले, रोज सकाळी शटर उघडून दोन्ही स्क्रीन चालू केल्या की ते आठवते आणि गळ्याशी काहीतरी येते, म्हणून आज बसलीच लिहायला.

मला दोन स्क्रीन कशाला पाहिजे होत्या हे आमच्या घरच्यांनाही शेवटपर्यंत समजलं नव्हतं, दुकानात टीव्ही पाहायचा आहे का म्हणून विचारत होते. आमचं काम म्हणजे पाहून लिहिणं. आधार स्कॅन केलं, रेशनकार्ड स्कॅन केलं, तलाठ्याचा अहवाल स्कॅन केला आणि मग समोर फॉर्म. नुसता कागद बाजूला ठेवून भागत नाही, कारण येणारे कागद म्हणजे झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स, अक्षर लागत नाही, स्क्रीनवर मोठं करूनच पाहावं लागते. आणि एकच स्क्रीन असली की फॉर्म पुढे आणला तर आधार मागं जाते, आधार पुढे आणलं तर फॉर्म मागं, मग नाव डोक्यात धरायचं, परत यायचं, टाईप करायचं, तेवढ्यात कोणी विचारलं "बाई, माह्यं झालं का?" की डोक्यातलं नाव गेलं. दिवसभर हेच. असंच करता करता मागच्या वर्षी एका काकूंच्या नावातला काना माझ्या हातून राहिला. एक काना, बस. अर्ज परत आला. काकू निंदणाची मजुरी बुडवून दोनदा आल्या आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "जाऊ द्या बाई, तुमच्या मांगं बी किती काम." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री मला झोप नाही आली.

मग भाच्याने नागपूरवरून त्याच्याकडचा जुना मॉनिटर पाठवला, ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती, चादरीत गुंडाळून. म्हटलं आता झालंच काम. पण तिथून पुढे जे दोन भेटले त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय तुझं मोठेपण समजणार नाही. दुकानांची नावं लिहित नाही, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला.

पहिल्या दुकानदाराने मला एक डबी दिली, एका तोंडातून आत आणि दोन तोंडातून बाहेर, स्प्लिटर म्हणतात तिला, वरून एक कन्व्हर्टर, दोन्ही मिळून साडेनऊशे रुपये. लावलं. दोन्हीकडे तेच चित्र! इकडे फॉर्म तर तिकडेही फॉर्म, इकडे माऊस हलला की तिकडेही हलते. परत गेली तर म्हणते कसा, "मॅडम, दोन स्क्रीन पाहिजे म्हणल्या ना, दोन लागल्या." स्प्लिटरचं कामच तेवढं, एकच चित्र दोन ठिकाणी दाखवायचं, हे त्याला विकायच्या आधी माहीत नव्हतं असं मी नाही मानत. वस्तू परत घेतली नाही.

दुसरा गाडीवर घरपोच आला. माझ्याशी बोललाच नाही. दहा दहा तास त्या खुर्चीवर मी बसते, पण तो बोलला आमच्या यांच्याशी, जे वावरातून तेवढ्यापुरते आले होते. मशीनच्या मागच्या बाजूचं, मॉनिटर जोडायचं निळं सॉकेट (व्हीजीए म्हणतात त्याला) पाहिलं, केबल लावली, स्क्रीनवर "नो सिग्नल" आलं, केबल उपसून तोंड पाहिलं आणि निकाल दिला, "हिची तर पिनच तुटली आहे, अन् एवढ्या जुन्या मशीनवर दोन स्क्रीन चालतच नाही भाऊसाहेब, नवीन घ्या, पस्तीस हजारापासून भेटते." मी विचारलं की केबल नवीन लावून पाहता का, तर म्हणाला, "तुम्हाला नाही समजणार त्यातलं." पाचशे रुपये घेतले आणि गेला. ते पाचशे जाऊ दे, पण "तुम्हाला नाही समजणार" हे मी कितीतरी दिवस मनात घेऊन फिरली. तो मॉनिटर मग टेबलाच्या कोपऱ्यात तसाच पडून होता, त्यावर मी स्टॅम्पपॅड ठेवत होती.

तू आला तेव्हा बारा जण बसले होते, कूलर होता पण हवा गरमच फेकत होता. तुझा नंबर चौथा, नॉन क्रीमीलेअरचं काम. मी माझंच खाली-वर करून राहिली होती, आधार, फॉर्म, आधार, फॉर्म, आणि तू मागून पाहत होता. मग विचारलं, "ताई, हा दुसरा मॉनिटर बिघडलेला आहे का?" मी म्हटलं मशीनच जुनी आहे म्हणतात. तू म्हणाला, "मी एक मिनिट पाहू का? नाही जमलं तर जसं होतं तसं ठेवतो." असं परवानगी घेऊन विचारणारा तू पहिला. आणि विचारलं मला, बाजूला बसलेल्या माणसांना नाही.

तू काय काय केलं ते सगळं मी इथे लिहित नाही, सगळं आठवतही नाही, पण केबलच्या तोंडाचं मात्र मला आजही डोळ्यापुढे दिसते. मोबाईलची बॅटरी त्यात मारून तू मला जवळ बोलावलं. "पाहा ताई, तीन रांगा, पाच-पाच पिना. मधल्या रांगेत एक नाही दिसत ना? ते तुटलेलं नाही, लय केबलींमध्ये ती पिन देतच नाहीत. खरी भानगड खालच्या रांगेत हाये." आणि तिथे, खालच्या रांगेत, एक पिन मान मोडल्यासारखी शेजारच्या पिनीवर झोपलेली. त्या माणसाने जी दाखवली ती चूक नव्हतीच, आणि जी चूक होती ती त्याने पाहिलीच नाही. तू कंपास पेटीतून पेन-पेन्सिल काढली, त्यातलं शिस काढून टाकलं, आणि पेन्सिलचं जे पोकळ लोखंडी टोक असते ते त्या वाकड्या पिनीवर अलगद चढवून, श्वास धरून, थोडं थोडं करत ती उभी केली. बारा माणसं एकदम चूप. आमच्या आईचा टाका डॉक्टरांनी काढला तेव्हा मी असा हात पाहिला होता.

स्क्रू दोन्हीकडचे बोटाने आवळले, वाकून टेबलाखालून निघाला, शर्टाला सगळं जाळं, आणि मॉनिटरवर चित्र आलं. मग विंडोजचं बटण आणि पी दाबायला लावलं मला, त्यातून एक्स्टेंड, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळं चित्र. माऊस उजवीकडे नेला की डावीकडच्या मॉनिटरवर निघत होता, तर सेटिंगमधला एक नंबरचा आणि दोन नंबरचा चौकोन इकडचा तिकडे ओढायला सांगितला, तोही मलाच. मी म्हटलं तूच कर ना पटकन, तर हात मागे घेऊन म्हणाला, "नाही ताई, उद्या कोणी झाडू मारताना केबल निघाली तर मी काय धावत येणार हाये? तुमीच करा." मी केलं. झालं! एकीकडे आधार, एकीकडे फॉर्म. आणि जाता जाता तू सांगितलं की हे निळं सॉकेट १९८७ पासून चालत आलं आहे, आणि विंडोजमध्ये दोन स्क्रीन लावायची सोय ९८ सालापासून आहे, म्हणजे मशीन जुनी म्हणून होत नाही हे सपशेल खोटं. त्या एका वाक्याने माझ्या मनातलं "तुम्हाला नाही समजणार" निघून गेलं बाप्पा. मला समजत होतं. मी बरोबर प्रश्न विचारला होता.

पण भाऊ, मी हे पत्र त्याच्यासाठी नाही लिहित. मी लिहित आहे ते त्याच्यानंतरच्या दोन मिनिटांसाठी.

तास-सव्वा तास गेला होता तुझा. मी साहजिकच म्हटलं, बस इथे खुर्चीवर, आधी तुझं करते. कोणी काही बोललंही नसतं, सगळ्यांनी पाहिलं होतं. तू घड्याळ पाहिलं, तुझी एसटी होती चारची, हे मला नंतर समजलं. आणि तू म्हणाला, "माझा नंबर चौथा हाये ना ताई. बाबाजीचं करा आधी, ते माझ्या आधीचे हायेत." आणि जाऊन त्या मागच्या बाकावर बसला. फाईल मांडीवर. जसा आला होता तसा.

मला एकदम काही सुचलं नाही. इतकी वर्षं या खुर्चीवर बसून मी जे रोज पाहते ते असं की ज्याने कोणी तुमच्यासाठी एवढंसं केलं तो दुसऱ्या दिवशी रांग सोडून आत येते. कोणी पेन दिला तरी येते. कोणी आमच्या यांना ओळखते म्हणून येते, कोणी सरपंचाकडून आलो म्हणते, आणि मी बऱ्याच वेळा करूनही देते, कारण खेड्यात राहायचं आहे. रांगेत जो शेवटपर्यंत बसून राहते तो नेहमी तोच असते ज्याच्यासाठी बोलणारं कोणी नाही. त्या दिवशी ते बाबाजी होते, श्रावणबाळच्या अर्जासाठी आलेले, सत्तरी पार, सकाळपासून पाण्याचा घोट घेऊन बसलेले. त्यांना दोनदा बाजूला सारून झालं होतं त्या दिवशी, आणि एकदा मीच सारलं होतं. तू त्यांना मोजून ठेवलं होतं. एवढ्या गडबडीत, टेबलाखाली जाताना, तुला लक्षात होतं की आपल्या आधी हा माणूस आहे.

त्या दिवसापासून मी रजिस्टरमध्ये नंबर लिहायला लागली. सकाळी आला त्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. ओळखीचे दोन-तीन जण नाराज झाले, होऊ दे. चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठं काही आठवते, देणगी, अन्नदान, फ्लेक्स, आणि ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण मला वाटते आमच्याकडे जास्त कमतरता आहे ती आपल्या जागी परत जाऊन बसणाऱ्या माणसांची. उपकार करून त्याची पावती न मागणाऱ्यांची. कोण्या आईबापाने तुला हे शिकवलं त्यांना माझा नमस्कार सांग.

फीसुद्धा तू पूर्ण दिली, मी नको नको म्हणत होती तर टेबलावर ठेवून गेला. चहा सांगितला होता तो येईपर्यंत तू निघालेला. चारची गेलीच होती, सहाच्या काळीपिवळीने गेला असं चहावाल्याने सांगितलं.

आता काम कसं चालते ते सांगते, तुला आवडेल. बाबाजीचा अर्ज भरून झाला तेव्हा मला एक सुचलं. मी परत तेच बटण दाबून यावेळी डुप्लिकेट केलं, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र, आणि जुना मॉनिटर उचलून त्यांच्याकडे फिरवला. जुन्याचं रिझोल्यूशन कमी, म्हणजे चित्राचे ठिपके कमी, त्याच्यामुळे अक्षरंही मोठी झाली. म्हटलं बाबाजी, तुमचं नाव वाचा, बरोबर आहे का. त्यांनी चष्मा पुसला, बोट स्क्रीनला लावून एक-एक अक्षर वाचलं, आणि म्हणाले, "बाई, माह्या बापाच्या नावात दीर्घ हाये, तुमी ऱ्हस्व केलं." खरंच केलं होतं. तिथल्या तिथे सुधारलं. ते अर्धा मिनिट अजून पाहत राहिले स्क्रीनकडे, मग म्हणाले, "आजपावतर कोनं दाखोलं नाही मले, काय लिवते तं."

तेव्हापासून प्रत्येकाला दाखवते. भरताना एक्स्टेंड, पाठवायच्या आधी डुप्लिकेट, मॉनिटर फिरव, वाच म्हण. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवते, पण स्क्रीन त्यांच्याकडे असते, आणि ते पाहतात, खूप लक्ष देऊन पाहतात. या तीन महिन्यांत नावाच्या चुकीने माझा एकही अर्ज परत आलेला नाही. त्या मजुरी बुडालेल्या काकूंना बोलावून मी त्यांचं नाव मोठं करून दाखवलं, काना होता त्यात. काकू हसल्या.

मध्ये एकदा खरंच केबल निघाली, पोरगी खेळता खेळता पायात अडकली. तोंडात बॅटरी मारून पाहिली, पिना सरळ होत्या, लावली, स्क्रू आवळले, चालू. पाच मिनिटं नाही लागली, कोणाला बोलवावं नाही लागलं.

तुझा दाखला आला तेव्हा न्यायला तुझे बाबा आले होते. डोक्याला दुपट्टा, पायाला वावरातला चिखल तसाच. मी त्यांना खुर्ची दिली आणि सांगायला लागली की तुमच्या मुलाने असं असं केलं, तर त्यांना काहीच माहीत नव्हतं. तू घरी सांगितलंच नाही. एसटी हुकली म्हणून उशीर झाला एवढंच सांगितलं होतं म्हणे. ते जरा वेळ त्या दोन स्क्रीनकडे पाहत बसले, इकडून तिकडे, मग म्हणाले, "असंन जी. त्याले लहानपनापासून खोलून पाहाचा नाद हाये." आणि दाखल्याच्या दोन झेरॉक्स मागितल्या. मी पैसे घेत नव्हती तर त्यांनीही चार रुपये टेबलावर ठेवले आणि उठले.

चहा बाकी आहे तुझा. दिवाळीत गावाकडे आला की ये. चिठ्ठी घ्यावी लागेल, पण चहाला नंबर नाही.

तुझी,
सेवा केंद्रातली ताई