आम्ही प्रेसबिटेरियन कसे झालो

कोल्हापूर

प्रिय विजू,

सप्रेम सलाम.

परवा फोनवर विचारलंस, "आम्ही नगरकर काँग्रिगेशनल, मग तुम्ही कोल्हापूरकर प्रेसबिटेरियन कसे रे झालात?" दोन्ही प्रोटेस्टंट पंथच, पण वेगळे. सवडीनं लिहितो म्हणालो होतो. ऐक तर, भांडणातून झालो. आणि भांडण तुमच्या घरातलं!

आमच्या वायल्डर मेमोरियल चर्चला ज्यांचं नाव आहे ते रॉयल वायल्डर साहेब आधी तुमचेच. अमेरिकन बोर्ड या तुमच्या मिशनरी संस्थेनं त्यांना १८४६ साली नगरला धाडलं. १८५२ च्या अखेरीस ते पत्नी एलायझासह कोल्हापुरात आले आणि शाळा काढत सुटले. एवढ्यात बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या पाहणीला आले. त्यांचं म्हणणं असं: मिशनऱ्यानं उपदेश करावा, गावोगावी चर्चच्या मंडळ्या उभ्या कराव्यात, इथल्याच माणसांना पाळक (चर्चचे धर्मगुरू) नेमावं; शाळांवर, त्यातून इंग्रजी शाळांवर, पैसा ओतू नये. इथले पाळक हवेत हे त्यांचं मला शंभर टक्के पटतं. पण शाळेला कात्री लावून पाळक आणायचे कुठून?

वायल्डर हटेनात. तब्येतीपायी मायदेशी गेले, तर मागे बोर्डानं कोल्हापूरचं काम गुंडाळायला घेतलं. पठ्ठ्यानं १८६१ मध्ये मिशन शाळांवर पुस्तकच छापलं, बोर्डाला जाब विचारला आणि त्याच्या पाठबळाशिवाय पुन्हा कोल्हापूर गाठलं. त्यांच्या चरित्रात आकडा आहे: शाळांतून ३,३०० मुलं, त्यात मुली ३००. तीनशे मुली, त्या काळात! नऊएक वर्षं अशी स्वतःच्या हिमतीवर काढल्यावर १८७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन बोर्डानं हे मिशन आपल्याकडे घेतलं. झालो आम्ही प्रेसबिटेरियन. धर्मतत्त्वावरून कुणी वाद घातला, डोकं फोडलं, असलं काही नाही.

पुढचं तुला ठाऊकच आहे. मिरजेत वानलेस डॉक्टरांचा दवाखाना १८९४ चा, तोही याच मिशनचा. वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट मात्र अस्सल कोल्हापूरचा, जन्म १८६३. अमेरिकेत विद्यार्थ्यांना मिशनकडे वळवणारी मोठी चळवळ पुढे त्यानं उभी केली.

प्रेसबिटेरियन म्हणजे मंडळीनं निवडलेल्या वडीलजनांचा (एल्डरांचा) कारभार, आणि ती सवय काही आमच्या अंगातून गेलेली नाही. कापणीच्या सणाला ये एकदा. एकच भोपळा चार-चार वेळा लिलावात फिरतो. ज्यानं घेतला तोच पुन्हा दान करतो, भाव चढत जातो, पोरं ओरडतात. आणि सण उरकला की जमलेला पैसा छपराला लावायचा की पोरांच्या फियांना, यावर मीटिंगमध्ये जी जुंपते! मी दरवेळी फियांच्या बाजूनं. वायल्डर साहेबांचं मीठ खाल्लंय ना.

आता तुझा "आम्ही आणि तुम्ही" पुरे कर. १९२४ मध्येच तुमच्या काँग्रिगेशनल आणि आमच्या प्रेसबिटेरियन मंडळ्या एका संयुक्त चर्चमध्ये आल्या, आणि १९७० ला नागपुरात सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाल्यावर पाटीसुद्धा एकच झाली. नगरला कुणाकडे बोर्डाचे जुने अहवाल असतील तर तेवढे बघून ठेव. अँडरसन साहेबांची बाजू त्यांच्याच शब्दांत वाचायची आहे.

वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सॅम