साडेतीन टक्क्यांचा हिशेब

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साम्राज्यशाहीला विरोध म्हणून राष्ट्रवाद समर्थनीय ठरतो का, हा वाद आपल्याकडे बहुधा भावनेवर चालतो. मुंबईच्या कापड गिरण्यांचा जकातीचा हिशेब उघडला तर उत्तर बरेच जमिनीवर येते.

1879 मध्ये व्हाइसरॉय लिटनने स्वतःच्या कौन्सिलमधील बहुमत डावलून विलायती जाड्याभरड्या कापडावरची जकात उठवली. 1882 मध्ये बाकीचीही गेली. 1894 मध्ये तिजोरीला तूट आली, तेव्हा विलायती कापडावर 5 टक्के जकात बसली. पण लँकेशायरची, म्हणजे मँचेस्टरभोवतीच्या विलायती कापड गिरण्यांच्या मुलखाची, समजूत काढायला देशी गिरण्यांच्या वीस नंबरवरील (म्हणजे अधिक बारीक) सुतावरही तेवढाच कर लादला. मँचेस्टरचे समाधान झाले नाही. 1896 मध्ये दोन्हीकडे साडेतीन टक्के झाले आणि या खेपेला देशी गिरणीत विणलेले सगळेच कापड करात आले. खरी मेख इथे आहे. मँचेस्टरचा माल मुख्यतः तलम, मुंबईचा जाडाभरडा. त्या जाड्याभरड्यात स्पर्धा जवळपास नव्हतीच. ‘समान स्पर्धा’ हे नाव, आणि भुर्दंड गरिबाच्या धोतरावर. लँकेशायरचे खासदार पार्लमेंटात होते. इथल्या गिरणीवाल्याला, विणकाम करणाऱ्याला, खानदेशच्या कापूस पिकवणाऱ्याला तिथे मत नव्हते. तेव्हा ‘आम्ही एक राष्ट्र’ म्हणून उभे राहणे हाच दाद मागण्याचा मार्ग होता. हा राष्ट्रवाद माझ्या मते पूर्ण समर्थनीय.

पण त्याच गिरण्यांच्या आत पाहा. कामाचे तास, मुलांचे वय यांवर बंधने घालणारे 1881 आणि 1891 चे फॅक्टरी कायदे आले, तेव्हा राष्ट्रीय बाण्याच्या बहुतेक वृत्तपत्रांनी त्यांना विरोध केला. कारण तर्कशुद्ध वाटते: कायद्यामागे लँकेशायर आहे, इथली मजुरी महाग व्हावी हा त्यांचा डाव. डाव होताच, मँचेस्टरला परळच्या कामगाराचा कळवळा आला होता, असे कोणी समजू नये. तरी सात वर्षांच्या पोराने साच्यावर (मागावर) किती तास उभे राहायचे, हा प्रश्न त्याने खोटा ठरत नाही. आठवड्याच्या सुट्टीसाठी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून अर्ज करत होते, ते देशी मालकांविरुद्धच.

आणि देशी कापडावरचा तो साडेतीन टक्के कर अखेर उठला कसा? तीस वर्षे ठराव आणि अग्रलेख झाले. 1925 च्या सप्टेंबरात मालकांनी मजुरी साडेअकरा टक्क्यांनी कापली. सुमारे दीड लाख कामगार दोन महिन्यांहून अधिक काळ संपावर राहिले. कर रद्द झाला तर कपात मागे घेऊ, ही मालकांची भूमिका. डिसेंबरात सरकारने कर स्थगित केला, कपात मागे गेली, साचे पुन्हा सुरू झाले.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई