नॅनोवर अन्याय

रविवार पुरवणीतील ‘सर्वांत वाईट मोटारी’ हा लेख वाचला. त्यात टाटांच्या नॅनोला गोवणे पटले नाही. उणिवा होत्याच, सुरुवातीच्या गाडीची डिकी बाहेरून उघडतच नसे, सामान मागची सीट पाडून आत सरकवावे लागे. मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१४च्या धडक-चाचणीत तिला शून्य तारे मिळाले, हा लेखातला मुख्य आक्षेप. पण त्याच फेरीत एअरबॅग नसलेल्या अल्टो ८००, आय-१०, फिगो आणि पोलो यांनाही शून्यच मिळाले होते. त्या मात्र यादीत नाहीत! दोष तेव्हाच्या ढिल्या सुरक्षा-नियमांचा होता. भर पावसात स्कूटरवर पुढे एक मूल उभे, मागे आईच्या मांडीवर तान्हे, अशा कुटुंबासाठी ही ६२४ सीसीची गाडी आखली होती. तुलना त्या स्कूटरशी व्हायला हवी होती.

– एक वाचक, पुणे