चाचणी संपली, चौकशीही संपली

महोदय,

संशोधन करणाऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांना अधिक चांगली सेवा मिळते, असं कालच्या लेखात वाचलं. मिळते, खरं आहे. किती दिवस, तेवढं लेखकमहाशय लिहायला विसरले. मी सांगते : चाचणी चालू असेतो.

माझी आई हृदयाच्या औषधाच्या चाचणीत वर्षभर होती. काय तो थाट! नंबर लावायला नको, ईसीजी फुकट, तारखेच्या आदल्या दिवशी आठवणीचा फोन. डॉक्टर स्वतः विचारायचे, ‘‘आजी, झोप लागते ना?’’ वर्ष संपलं आणि त्याच दारासमोर आम्ही अडीच तास बसलो. आत चार मिनिटं. झोपेचं नाव नाही. आईला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

चाचणीच्या संमतीपत्रावर सहीही डॉक्टरांनी स्वतःच घेतली होती. ज्यांच्या हाती आपला जीव, त्यांना तोंडावर नाही कोण म्हणणार? अशा वेळी संमती त्या नात्याबाहेरच्या जाणकाराने घ्यावी, असं हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची जागतिक नीतितत्त्वं, सांगतो. तुलनेसाठी काहींना खरी गोळी होती, काहींना औषध नसलेली नकली; आईची कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. संमतीपत्रात तसं लिहिलेलंही होतं. आई मात्र अजून म्हणते, ‘‘डॉक्टरांनी माझ्यासाठी निवडून दिलेलं औषध.’’ तिचा हा समज कोणी दूर केला नाही. मीही नाही, हे कबूल करते.

संशोधन नकोच, असं माझं म्हणणं नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके नियमित राहावेत म्हणून एन्केनाइड, फ्लेकेनाइड ही औषधं डॉक्टर विश्वासाने देत होते. ठोके सुधारतही होते. 1989 मध्ये याच औषधांच्या ‘कास्ट’ नावाच्या चाचणीतून कळलं, की नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा ती घेणारेच जास्त दगावतात. चाचणी झाली नसती तर तो विश्वास आणखी किती जणांना भोवला असता!

पण आमच्या चाचणीचं पुढे काय झालं? रुग्णांना निष्कर्ष कळवण्याची सोय असावी, असंही तोच जाहीरनामा म्हणतो. दोनदा विचारलं. ‘‘कंपनीकडे आहे,’’ एवढंच उत्तर. आई दर महिन्याला विचारते, ‘‘मी पास झाले का गं?’’

जाता जाता : शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर तुम्हीही तीन आठवडे छापलेलं नाही. आडवा शब्द क्रमांक सात अजून अडलाय.

– एक वाचक