फोटोखाली वर्ष तरी द्या

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात एका ठिकाणी बर्फात अडकलेल्या जहाजाचा जुना फोटो छापलेला पाहिला, खाली नुसतं 'उत्तर ध्रुवाकडे' एवढंच, ना जहाजाचं नाव ना साल, आणि फोटोत चक्क पेंग्विन! अहो पेंग्विन आर्क्टिकमध्ये नसतातच. खूप वाईट वाटलं.

नॉर्वेच्या 'फ्राम' जहाजाचं नेहमी असंच होतं, कारण ते ध्रुवसंशोधक नान्सेनबरोबर १८९३ ते १८९६ आर्क्टिकमध्ये होतं आणि नंतर १९१० मध्ये दुसरा ध्रुवसंशोधक आमुंडसेनला घेऊन अंटार्क्टिकाला गेलं, त्यामुळे दोन्हीकडचे फोटो सर्रास मिक्स होतात. आर्क्टिकचे फोटो मला जास्त जवळचे वाटतात. मुद्दाम बर्फात गोठवून घेतलेलं जहाज, बर्फाने दाबलं की चिरडण्याऐवजी वर उचललं जावं म्हणून जहाज बांधणाऱ्या कॉलिन आर्चरने गोल बांधलेला तळ, डेकवर विजेच्या दिव्यांसाठी पवनचक्की, आणि महिनोन्महिने सूर्य नाही अशा काळोखात तेरा माणसं! जानेवारी १८९५ मध्ये तर बर्फाचा ढीग जहाजावर चढत आला, सगळ्यांनी उतरायची तयारी केली होती, तरी जहाज टिकलं आणि तेराही जण जिवंत घरी परतले. कॅमेरे, फोटोच्या काचेच्या प्लेटा सांभाळून त्या थंडीत फोटो काढणं म्हणजे काय कष्ट असतील!

म्हणून विनंती, आपल्या पेपरात असे फोटो छापताना जहाज, जागा, वर्ष आणि माहीत असेल तर फोटो काढणाऱ्याचं नाव जरूर द्या.

आपला नियमित वाचक,
अलिबाग